गुन्हा कबूल असलेल्यांची गोष्ट

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलच्या खोलीत, चौघांत मिळून एका लॅपटॉपवर. अर्ध्या तासात दोघं झोपले. तिसरा म्हणाला, ‘यात काही होतच नाहीये.’ मला मात्र सिनेमा आवडला होता, किंवा आवडायला हवा असं वाटलं होतं. व्हेनिसला बक्षीस मिळालेलं, राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालेलं, भारताकडून ऑस्करला गेलेला. एवढं सगळं असताना मराठी पोरानं ‘बोअर झालं’ म्हणायचं म्हणजे स्वतःचीच लाज काढून घ्यायची.

दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या वर्षी, एका मंगळवारी रात्री, ठाकुर्लीच्या घरी. त्या दिवशी दुपारी मी स्वतः कोर्टातून आलो होतो. वकील म्हणून नाही, साक्षीदार म्हणूनही नाही. आरोपी म्हणून. आणि तिथून निघालो तेव्हा आरोपीही राहिलो नव्हतो, गुन्हेगार झालो होतो. या सगळ्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

हा लेख ‘कोर्ट’बद्दल आहे, थोडा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’बद्दल आहे, आणि त्या एका मिनिटाबद्दल आहे. आपल्या नाटक-सिनेमानं कोर्टाविषयी खूप काही सांगितलंय. पण बहुतेक माणसांना आयुष्यात जे कोर्ट प्रत्यक्ष भेटतं, ते त्यात जवळपास नाहीच, असं मला त्या रात्री वाटलं. अजूनही वाटतं.

रूळ

आधी माझा गुन्हा सांगतो. मी रूळ ओलांडले.

मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनात मला गाडी बदलायची होती. कुठलं स्टेशन आणि पुढे कुठलं कोर्ट, हे सांगत नाही. सांगून काही फरकही पडत नाही. घोषणा झाली की गाडी पलीकडच्या फलाटावर येतेय. पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. दहा-बारा जण फलाटाच्या टोकाला उतारावरून खाली उतरले, त्यांच्या मागे मी उतरलो. पलीकडे चढलो तर खाकीतले दोघं उभेच होते. पळणारे पळाले. माझ्या पाठीवर लॅपटॉपची बॅग होती आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. अशी माणसं पळत नाहीत, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

चूक माझी होती, हे इथेच लिहून टाकतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यांतली बरीचशी रूळ ओलांडताना मरतात. डोंबिवली आणि कल्याणच्या मधे वाढलेल्या पोराला हे आकड्यांतून शिकावं लागत नाही. ठाकुर्लीला जलद गाड्या थांबत नाहीत, नुसत्या जातात. त्यांचा वारा अंगावर घेत आम्ही मोठे झालो. शाळेतल्या एका मुलाचे वडील असेच गेले. त्यामुळे ‘बिचाऱ्या प्रवाशावर अन्याय’ अशी ही गोष्ट नाही. आईनं त्या दिवशी एकच वाक्य म्हटलं, ‘पाचशे रुपयांत सुटलास, जीव गेला असता तर?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण चूक कोणाची हा एक प्रश्न झाला. चुकीचं पुढे काय होतं, हा वेगळा.

आम्हाला एका खोलीत बसवलं. माझ्या मोजणीप्रमाणे सत्तावीस जण. आधार कार्ड, नाव, बापाचं नाव, पत्ता, सही. एक छापील कागद, त्यात मोकळ्या जागा भरलेल्या. कॉलेजची पोरं, केटरिंगमधला एक वाढपी, मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक बाई, बँकेत असावेत असे एक काका, जे सारखं कोणाला तरी फोन लावत होते. दुपारी सगळ्यांना कोर्टात नेलं. तिथे रांग. नाव पुकारायचं, पुढे जायचं, प्रश्न: ‘रूळ ओलांडले, गुन्हा कबूल आहे?’ उत्तर: ‘हो.’ आकडा. बाजूला होऊन पैसे, पावती, पुढचं नाव.

माझ्यापुढे तीन नावं सोडून एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, हातात औषधांची पिशवी. त्या ‘हो’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘साहेब, गुडघ्याचं दुखणं आहे. सरकता जिना बंद होता हो.’ खोलीत कोणी हसलं नाही, कोणी ओरडलंही नाही. बाजूच्या कारकुनानं शांतपणे, जवळजवळ प्रेमानं समजावलं, ‘मावशी, कबूल आहे की नाही तेवढं सांगा. नसेल तर तारीख मिळेल.’

मावशी म्हणाल्या, ‘कबूल आहे.’

आमची पिढी सनी देओलच्या तारखांच्या त्या डायलॉगचे मीम फॉरवर्ड करत मोठी झाली. तारीख म्हणजे न्याय न मिळणं, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या खोलीत तारीख ही शिक्षा होती आणि गुन्हा कबूल करणं ही सवलत. पाचशे रुपये भरा आणि घरी जा, नाहीतर परत या, खाडे करा, वकील बघा, पुन्हा या. हिशेब कोणालाही जमेल असा. सत्तावीसच्या सत्तावीस जणांना जमला.

कलम १४७

घरी येऊन मी ते कलम वाचलं. कोड वाचायची सवय असल्यामुळे असेल, पण कायदा वाचायला मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७. कायदेशीर अधिकाराशिवाय रेल्वेच्या कुठल्याही भागात शिरलात, किंवा रीतसर शिरून तिथून निघायला नकार दिलात, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खाली एक परंतुक: निकालपत्रात नमूद करावीत अशी खास आणि पुरेशी कारणं नसतील, तर दंड पाचशे रुपयांपेक्षा कमी असणार नाही.

दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली, या कलमात ‘उद्देश’ नाही. आपल्या नेहमीच्या फौजदारी कायद्यात, म्हणजे आधीच्या दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, दुसऱ्याच्या जागेत नुसतं शिरणं हा गुन्हा होत नाही. तिथे गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूनं शिरावं किंवा थांबावं लागतं. शेजाऱ्याच्या अंगणातून चेंडू आणायला गेलेलं पोर त्यात बसत नाही. रेल्वेच्या कलमात मात्र तुम्ही कशासाठी शिरलात याच्याशी काही देणंघेणं नाही. रुळावर पाय पडला, संपलं.

१९ जुलै २०२३ चा दिवस आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. धो धो पाऊस, ठाकुर्ली आणि कल्याणच्या मधे लोकल उभी, आणि कंटाळून, घाबरून माणसं उतरून रुळांच्या कडेनं चालायला लागलेली. त्या गर्दीत एक बाळ घरच्यांच्या हातून निसटून नाल्यात पडलं. त्या आईचा आक्रोश सगळ्यांच्या फोनवर आला होता. कायद्याचे शब्द घेऊन बसलं, तर त्या दिवशी चालणाऱ्या सगळ्यांकडे कुठला ‘कायदेशीर अधिकार’ होता? कोणी त्यांच्यावर गुन्हा लावला नाही, लावायचं कोणाच्या मनातही आलं नसेल. म्हणजे उद्देश आणि परिस्थिती बघायची अक्कल माणसांकडे असते. फक्त ती कलमात लिहिलेली नाही.

दुसरी गोष्ट त्या परंतुकातली. ‘खास आणि पुरेशी कारणं.’ कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की कधीतरी कोणाचा गुडघा दुखत असेल आणि जिना बंद असेल. त्यांनी त्यासाठी जागा ठेवली. मावशींचं ते वाक्य बरोब्बर त्या जागेत बसणारं होतं. ते पुरेसं ठरलं असतं की नाही, मला माहीत नाही. ते ठरवायला तर कोर्ट असतं. पण त्या वाक्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ नसल्यामुळे ते कुठे लिहिलंच गेलं नाही.

एवढंच नाही. १९५८ चा एक कायदा आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम. दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा दंडाचा गुन्हा असेल आणि माणूस पहिल्यांदाच सापडला असेल, तर परिस्थिती पाहून कोर्ट त्याला ताकीद देऊन सोडू शकतं. आणि तसं सोडलं तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही, असंही त्या कायद्यात लिहिलंय. ‘पुन्हा रूळ ओलांडू नका’ एवढं बजावून मावशींना घरी पाठवायची वाट कायद्यात आहे. ती मागायची असते हे आम्हा सत्तावीस जणांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. सांगायला वकील नव्हता, आणि असता तरी त्याची फी दंडापेक्षा जास्त झाली असती.

आणि गंमत म्हणजे, विनातिकीट सापडलेला प्रवासी टीसीला भाडं आणि जादा आकार भरून जागच्या जागी सुटू शकतो. त्याला मॅजिस्ट्रेट बघावा लागत नाही. मासिक पास खिशात ठेवून रूळ ओलांडणाऱ्याला बघावा लागतो.

जे ताम्हाणेंना दिसलं

तर त्या रात्री मी ‘कोर्ट’ लावला. या वेळी झोप येणं शक्य नव्हतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लोकशाहीर नारायण कांबळे यांना कार्यक्रमाच्या मंचावरून अटक होते. आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या मॅनहोल साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. मग सेशन्स कोर्टात तारखा. बचावाचे वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन, न्यायाधीश सदावर्ते. कांबळेंचं काम केलं होतं वीरा साथीदार यांनी. २०२१ साली कोविडनं ते गेले.

पहिल्यांदा पाहताना मला वाटलं होतं, कॅमेरा लांब ठेवून हलवायचाच नाही ही फेस्टिवलवाल्यांची स्टाइल आहे. आता वाटलं, कोर्ट असंच दिसतं. खरंच. तुम्ही मागे उभे असता, पुढे तीन-चार माणसं एकमेकांशी हळू आवाजात काहीतरी बोलत असतात, त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, आणि ते तुमच्याबद्दल असतं. कोणाच्याही चेहऱ्याचा क्लोजअप मिळत नाही. ताम्हाणेंनी प्रेक्षकाला आरोपीच्या अंतरावर उभं केलंय, आणि हे कळायला मला आरोपी व्हावं लागलं.

दुसरं म्हणजे भाषा. सिनेमात साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत बोलतो, आणि न्यायाधीश ते टाइपिस्टला इंग्रजीत सांगतात. माणूस जे बोलला ते आणि कागदावर जे उमटलं ते, यातली फट तुम्हाला ऐकू येते. वासुदेव पवारच्या बायकोची साक्ष आठवा. नवरा मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, एक डोळा गेलेला होता, वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. हे सगळं ती सपाट आवाजात सांगते. एका माणसाचं अख्खं आयुष्य तिथे उघडं पडतं, आणि कोर्टाला त्यातलं हवं असतं एवढंच की संरक्षणाची साधनं होती की नव्हती, दारू प्यायलेला होता की नव्हता. ही भूमिका करणाऱ्या उषा बाणे यांचे पती स्वतः सफाई कामगार होते आणि ते गेलेले होते. म्हणून तो सीन अभिनयासारखा वाटतच नाही.

त्यामुळे सिनेमा मोठा आहे यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

‘कोर्ट’ची सगळी धार विलंबाला आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा लेटन्सीबद्दलचा सिनेमा आहे. एक रिक्वेस्ट जाते आणि उत्तर येतच नाही. जामीन, पुढची तारीख, मग आणखी कडक कायद्याखाली नवी अटक, मग उन्हाळ्याची सुट्टी. शेवटी कोर्टाची खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा होऊन राहतो. पण मी पाहिलेल्या कोर्टाचा प्रश्न लेटन्सी नव्हताच. तिथे थ्रूपुट भन्नाट होतं. सत्तावीस खटले, सत्तावीस निकाल, चहाच्या आत. तिथे दिवे बंद होण्याची भीती नाही, उलट दिवे इतके लख्ख की कोणी दिसायला उभंच राहत नाही.

असं कोर्ट सिनेमात अगदी येतच नाही असं नाही. कांबळेंच्या खटल्याच्या आधी-नंतर छोटी-मोठी प्रकरणं पुकारली जातात. मर्सी फर्नांडिस नावाची एक बाई पुढे येते, आणि तिनं बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत. थिएटरमध्ये इथे हशा होतो असं ऐकलंय, हॉस्टेलमध्येही झाला होता. मीही हसलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना मी तिथे सिनेमा थांबवला. तिचं प्रकरण काय होतं? आपल्याला कळत नाही. ती त्या दिवशी कुठून आली होती, कामावरून सुट्टी काढली होती का? कळत नाही. न्यायाधीशाला तिच्या बाह्या दिसल्या, आणि प्रेक्षकाला न्यायाधीश कसा आहे हे दिसलं. ती बाई दोघांनाही दिसली नाही.

सिनेमा आपल्याला कोणाकोणाच्या घरी नेतो बघा. व्होरांच्या गाडीत जॅझ चालू असतं, ते सुपरमार्केटमध्ये वाइन आणि चीज घेतात. नूतन लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर परप्रांतीयांवर दात काढणारं नाटक बघायला जाते. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई अशी उभी केली आहे की डोंबिवली फास्टमध्ये ती मला रोज दिसते. न्यायाधीश सुट्टीत रिसॉर्टवर जातात. म्हणजे कायदा चालवणाऱ्या तिघांची घरं, जेवणं, करमणूक आपल्याला नीट कळते. कांबळेंची खोली सुरुवातीला, शिकवणीच्या निमित्तानं, थोडी दिसते. वासुदेवची बायको व्होरांच्या गाडीतून घरापर्यंत येते, पैसे नको म्हणते, काम असेल तर सांगा म्हणते, आणि उतरते. गाडी पुढे जाते, तिच्याबरोबर कॅमेरा उतरत नाही.

हे मुद्दाम केलंय, मला कळतंय. यंत्रणा कोणा राक्षसाच्या हातात नसते, भाजी घेऊन घरी जाणाऱ्या माणसांच्या हातात असते, हे सांगायचंय. पण या निवडीची किंमत आहे. ज्यांच्यावर यंत्रणा चालते ते, एक कांबळे सोडले तर, सिनेमातही पार्श्वभूमीलाच राहतात. आणि कांबळे तरी का पुढे येतात? कारण ते ‘कबूल नाही’ म्हणतात. त्यांच्याकडे गाणं आहे, विचार आहे, जामिनाचे पैसे भरणारा वकील आहे. ‘कबूल आहे’ म्हणणाऱ्याचा सिनेमा कसा करणार? त्यात काही होतच नाही, असं माझा हॉस्टेलमधला मित्र म्हणाला असता.

दहा सेकंद

असं नाही की मराठीला हे कधी दिसलंच नाही. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’नं आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. मी ते रंगमंचावर पाहिलेलं नाही, वाचलंय. त्या रात्री सिनेमानंतर मला आठवलं ते हे नाटक.

गावातल्या सामंतला कोर्ट म्हणजे काय ते समजावं म्हणून नाटकमंडळी लुटुपुटूचा खटला मांडतात आणि आरोपी करतात लीला बेणारेला. खेळ हळूहळू खरा होत जातो. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला वेळ देतात: दहा सेकंद. आणि तेंडुलकर त्या दहा सेकंदांत बेणारेचं ते भलंमोठं स्वगत घालतात. बाकीचे सगळे पुतळ्यासारखे थिजलेले. तिचं बोलून होतं, माणसं हलायला लागतात आणि कोर्टाचं म्हणणं पडतं की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही.

कॉलेजात आम्ही हे नाटक बाईच्या शोषणाबद्दल म्हणून वाचलं आणि ते तसं आहेच. पण त्या रात्री मला त्यात फक्त घड्याळ दिसलं. कोर्टाच्या घड्याळात दहा सेकंद, बेणारेच्या घड्याळात अख्खं आयुष्य. तेंडुलकरांनी रंगमंचावर कोर्टाचं घड्याळ थांबवलं आणि आपल्याला तिचं घड्याळ ऐकवलं. मावशींनाही साधारण तेवढाच वेळ मिळाला होता. त्यांनी त्यात दोन वाक्यं बसवली, गुडघ्याचं एक आणि जिन्याचं एक, आणि रेकॉर्डवर गेलं ते एवढंच की आरोपीनं स्वखुशीनं गुन्हा कबूल केला.

मात्र तेंडुलकरांच्या कोर्टात बेणारेविषयी सगळ्यांना भयंकर कुतूहल आहे. ते तिला फाडून खातात, पण तिच्याकडे बघतात तरी. माझ्या कोर्टात कोणाला कोणाविषयी काही वाटत नव्हतं. कोणी दुष्ट नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी आवाज चढवला नाही, कारकून मऊ बोलला, मला पावती व्यवस्थित मिळाली. रोज एवढी माणसं समोर आणली तर तिथे बसलेला दुसरा कोणी वेगळं काय करणार होता? मला तरी सुचत नाही. ‘कोर्ट’मधला कंटाळा आणि ‘शांतता’मधली क्रूरता, यांच्यामधे एक तिसरी गोष्ट आहे: कार्यक्षमता. तिच्यावर मराठीत अजून नाटक यायचंय.

ते यावं असं मला वाटतं, कारण छोट्या गुन्ह्यांचे शब्द पुढे फार मोठे होतात. ‘गाडीतून पडला’ आणि ‘रूळ ओलांडताना गेला’ या दोन नोंदींत रेल्वे दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे आठ लाख रुपयांचा फरक असतो. गाडीतून पडलेल्या प्रवाशाच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागता येते. रुळावर बेकायदा शिरला अशी नोंद झालेल्याचं घर सहसा रिकाम्या हातानं परततं. मेलेला माणूस कबूल आहे की नाही ते सांगूही शकत नाही. त्याच्या वतीनं एक शब्द लिहिला जातो, आणि पुढची सगळी वर्षं घरचे त्या शब्दाशी भांडतात.

चोळेगावातल्या जुन्या माणसांशी बोललात तर कोण कोणाच्या हद्दीत शिरलं याचं उत्तर वेगळंच मिळेल. रेल्वे कल्याणपर्यंत आली १८५४ साली. नंतर चोळ्याचं रेल्वेचं पॉवर हाउस आलं आणि बंदही पडलं, बंगले आले, फाटक आलं. मग फाटक बंद होऊन डोक्यावरून उड्डाणपूल गेला. गाड्यांची सोय झाली. पायी जाणाऱ्याला मात्र समोर दिसणाऱ्या पलीकडच्या दुकानासाठी चढून, वळून, उतरून जावं लागतं. त्यानं जावंच, सुरक्षित तेच आहे. पण कायदा जेव्हा ‘शिरला’ म्हणतो तेव्हा इथल्या माणसाच्या मनात ‘ओलांडलं’ असतं. शिरणारा दुसऱ्याच्या जागेत जातो. ओलांडणारा आपल्याच घरी जात असतो.

फॉर्म

आता शेवटचं. हे सगळं मी विसरलोही असतो. ऑफिसात दोन दिवस चेष्टा झाली, कोणीतरी कॉफी मगावर चिकटवायला ‘सजायाफ्ता’ छापून आणलं, संपलं.

चार महिन्यांनी ऑनसाइट जायची संधी आली. व्हिसाच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी कुठल्याही गुन्ह्यासाठी अटक झाली आहे किंवा दोषी ठरवलं आहे का? हो किंवा नाही. मी टीमलीडला विचारलं, तो म्हणाला, ‘वेडा आहेस का, तो फाइन होता.’ घरी बाबा म्हणाले तेच. ओळखीच्या एका वकील ताईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, कबूल केलंस ना? मग दोषसिद्धी आहे ती. दंड ही शिक्षाच असते. आणि कबूल केल्यावर आता अपील करायचं म्हटलं तर फक्त शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढंच म्हणता येतं. गुन्हा केला नव्हता, असं नाही म्हणता येत.’

त्या वेळी मला त्या सत्तावीस जणांची आठवण झाली. त्यातली कॉलेजची पोरं उद्या सरकारी नोकरीचे फॉर्म भरतील, पोलीस भरतीला जातील. त्यांच्यापुढेही असाच चौकोन येईल. पाचशे रुपयांची पावती त्यांनी बहुतेक त्याच दिवशी फेकली असेल. आम्ही कोणीच खोटं बोललो नव्हतो. रूळ ओलांडले होते, कबूल केलं होतं. फक्त आपण काय कबूल करतोय हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी आम्ही बहुधा ‘हो’च म्हटलं असतं, कारण दुसऱ्या बाजूला तारीख होती. पण मग ते निदान आमचं उत्तर झालं असतं.

मी ‘हो’वर टिचकी मारली. ‘हो’ म्हटल्यावर खाली एक रिकामा चौकोन उघडला: स्पष्टीकरण द्या.

या सगळ्या प्रकरणात ‘का’ असं पहिल्यांदा कोणी विचारलं असेल तर ते त्या फॉर्मनं. मी तीन ओळी लिहिल्या. पुलावरची गर्दी, बदललेला फलाट, दंडाची तारीख आणि रक्कम. लिहिताना मावशींचा जिना डोक्यात होता, पण तो माझ्या फॉर्मवर लिहून उपयोग नव्हता.

व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी वाट बघतोय. आता पुलावरून जातो, गाडी सुटली तरी.